ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साईडचा थर चढवून कपॅसिटर तयार करण्याबाबत

लातूर_तंत्रशिक्षक

नमस्कार. मी लातूर येथे पदविका अभियांत्रिकीच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेत शिकवतो. विद्यार्थ्यांनी कपॅसिटर केवळ बाजारातून आणून फळीवर जोडू नये, तर तो स्वतः घडवून त्याची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) सूत्राने येते तेवढी भरते का हे तपासावे, असा एक प्रकल्प यंदा दुसऱ्या वर्षाला दिला आहे. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावरचे ऑक्साईड उत्तम विद्युतरोधक असते आणि ॲनोडायझिंग करून त्याची जाडी वाढवता येते, एवढ्या माहितीवर आम्ही १० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे चौरस पत्रे कापले आणि वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका जॉबवर्क कारखान्यातून त्यांवर १५ मायक्रॉनचे ॲनोडायझिंग करून आणले. असा एक पत्रा आणि त्यावर दुसरा साधा पत्रा ठेवून दोन्ही लाकडी फळ्यांमध्ये क्लॅम्पने आवळले.

ऑक्साईडचा परावैद्युतांक (हवेच्या तुलनेत धारिता किती पट होते तो आकडा) ९ धरल्यास सूत्रानुसार सुमारे ५३ नॅनोफॅरड यायला हवेत. प्रत्यक्षात ३ ते ४ नॅनोफॅरड येतात, आणि क्लॅम्प आवळला की आकडा वाढतो, सैल केला की घटतो. एका जोडीत तर सरळ शॉर्ट दिसतो. दुसरीकडे बाजारातला बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर शेकडो मायक्रोफॅरडचा असतो, आणि त्यातही हेच ऑक्साईड असते असे पुस्तके सांगतात. हा फरक केवळ क्षेत्रफळाचा आहे की आम्ही करून आणलेला थरच वेगळ्या जातीचा आहे? आमच्या प्रयोगशाळेत ३० व्होल्टचे दोन डीसी पुरवठे, धारिता मोजणारे एलसीआर मीटर आणि रसायनशास्त्र विभागाची मदत एवढे उपलब्ध आहे. यात काय साधता येईल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी विचारलेला प्रश्नही येथे मांडतो, कारण त्याचे नीट उत्तर मला देता आले नाही. बोअरच्या सिंगल फेज मोटारीचा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच, वारंवार जातो. तो या पद्धतीने घरी करता येईल का, असे त्यांनी विचारले होते.

चिकलठाणा_ॲनोडायझर

सर, आपण आणलेला थर वेगळ्याच जातीचा आहे आणि त्यात कारखान्याचा काही दोष नाही. आमच्या धंद्यात ॲनोडायझिंग म्हणजे गंधकाम्लाची टाकी. सुमारे १५ टक्के आम्ल, १२ ते २० व्होल्ट, आणि तापमान २० अंशांच्या आसपास. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चिलर बंद पडला की थर भुसभुशीत होऊन हाताला पांढरी पावडर लागते, म्हणून उन्हाळ्यात विजेच्या बिलाचा मोठा वाटा टाकी थंड ठेवण्यातच जातो. या आम्लात ऑक्साईड एकीकडे तयार होत असते आणि दुसरीकडे विरघळत असते. त्यामुळे थराला मधाच्या पोळ्यासारखी उभी, अतिसूक्ष्म छिद्रे पडत जातात आणि छिद्रांच्या तळाशी धातूपर्यंत प्रवाह पोहोचत राहतो. म्हणूनच १५ व्होल्टवरही १५ मायक्रॉन जाडी मिळू शकते. ही छिद्रे आम्हाला हवीच असतात, कारण रंग त्यांतच मुरतो. नंतर उकळत्या पाण्यात सीलिंग केले की त्यांची तोंडे बंद होतात. दाराच्या चौकटीसाठी आणि यंत्राच्या सुट्या भागांसाठी हा थर योग्य आहे. कपॅसिटरला मात्र छिद्र नसलेला, अतिशय पातळ आणि घट्ट थर लागतो, आणि तो आमच्या टाकीत तयार होत नाही.

एक सूचना करतो. पत्रा कोणत्या मिश्रधातूचा आहे हे विक्रेत्याकडून अवश्य विचारून घ्यावे. आमच्याकडे येणारे बहुतेक सेक्शन ६०६३ चे असतात आणि त्यात मॅग्नेशियम व सिलिकॉन मिसळलेले असते. आपल्या कामाला १०५० चा पत्रा घ्यावा, त्यात ॲल्युमिनियम किमान ९९.५ टक्के असते. कपॅसिटरचे कारखाने धनाग्रासाठी (धन टोकाच्या पाटीसाठी) ९९.९९ टक्के शुद्धतेची फॉईल वापरतात, परंतु ती किरकोळीत मिळणे कठीण आहे. कापलेल्या कडांवर राहिलेली धारदार कोर (बर) पॉलिश पेपरने काढून टाकावी. आपल्या एका जोडीतला शॉर्ट बहुधा अशाच एखाद्या कंगोऱ्यामुळे आला असावा.

विद्युतरसायन_नांदेड

वरील उत्तर योग्यच आहे. त्याला थोडी आकडेमोड आणि प्रत्यक्ष कृती जोडतो. मी नांदेडला अनेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले असून हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा आहे असे माझे मत आहे, पण तो मुळापासून वेगळ्या रीतीने मांडावा लागेल.

प्रथम आपल्या ३–४ नॅनोफॅरडचा उलगडा करू. दोन पत्रे कितीही आवळले तरी ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात आणि उरलेल्या भागात हवा राहते. समजा, ही फट सरासरी २० मायक्रॉनची आहे. १५ मायक्रॉन ऑक्साईडला ९ ने भागले की ते सुमारे १.७ मायक्रॉन हवेच्या बरोबरीचे होते. त्यात २० मायक्रॉनची खरी हवा मिळवली की एकूण २१.७ मायक्रॉन हवेचा कपॅसिटर उरतो, आणि १०० चौरस सेंटिमीटरला त्याची धारिता सुमारे ४ नॅनोफॅरड येते. म्हणजे आपण ऑक्साईडची धारिता मोजलीच नाही, हवेची मोजली. क्लॅम्प आवळल्यावर आकडा वाढतो तोही याच कारणाने. दुसरा पत्रा कितीही गुळगुळीत केला तरी हा दोष पूर्णपणे जात नाही, आणि खरी अडचण इथेच आहे: पातळ ऑक्साईड तयार करणे सोपे आहे, त्याच्या कणाकणाला भिडणारी दुसरी पाटी मिळवणे अवघड आहे. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये ती पाटी म्हणजे द्रव असतो. त्यात दिसणारी दुसरी फॉईल ही केवळ त्या द्रवापर्यंत वीज पोहोचवणारी जोडणी आहे. खरे ऋणाग्र (ऋण टोकाची पाटी) म्हणजे कागदात मुरलेले विद्युतविलेय, अर्थात तो वीज वाहणारा द्रवच होय. हे विद्यार्थ्यांच्या मनात पक्के बसले की पुढचे सगळे आपोआप उलगडत जाते.

आता थराविषयी. ऑक्साईडला न विरघळवणाऱ्या, जवळपास उदासीन द्रावणात ॲल्युमिनियम धनाग्र केले की थर एका मर्यादेपर्यंतच वाढतो, आणि ती मर्यादा व्होल्टता ठरवते: दर व्होल्टला सुमारे १.४ नॅनोमीटर. ४० व्होल्ट दिले की ५६ नॅनोमीटरवर वाढ जवळजवळ थांबते आणि प्रवाह उतरत उतरत अगदी थोडा राहतो. या थरावरील विद्युतक्षेत्र दर मायक्रॉनला सुमारे ७०० व्होल्ट इतके प्रचंड असते. जाडी व्होल्टतेच्या प्रमाणात असल्यामुळे धारिता आणि घडणीची व्होल्टता यांचा गुणाकार स्थिर राहतो. परावैद्युतांक ९ धरून तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५.७ मायक्रोफॅरड-व्होल्ट येतो. आपला पत्रा दोन्ही बाजूंनी द्रावणात बुडाला तर क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर होईल. म्हणजे १० व्होल्टवर घडवल्यास सुमारे ११४, २० वर ५७, ३० वर ३८ आणि ४० व्होल्टवर २८ मायक्रोफॅरड. एकाच पत्र्यावर व्होल्टता टप्प्याटप्प्याने वाढवत नेऊन प्रत्येक टप्प्यावर धारिता मोजावी आणि धारितेचा व्यस्तांक व्होल्टतेविरुद्ध आलेखावर मांडावा. सरळ रेषा येते, आणि तिच्या चढावरून परावैद्युतांक काढता येतो. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकल्पाचे मोल या एका आलेखात आहे. तयार वस्तू किती सुबक दिसते याला फारसे महत्त्व देऊ नये.

द्रावणासाठी एक लिटर पाण्यात ३१ ग्रॅम बोरिक आम्ल आणि १९ ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार, विरघळवावा. पाणी कोमट केल्यास बोरिक आम्ल लवकर विरघळते. या द्रावणाचा पीएच साडेसातच्या आसपास राहतो. कॅरमची पावडर बहुधा बोरिकचीच असली तरी ती वापरू नये, कारण तिच्यात आणखी काय मिसळले आहे याची खात्री नसते. प्रयोगशाळेच्या दर्जाचे रसायन काही महाग नाही. टाकणखाराची निवड नवी नाही. कारोल पोलाक या पोलिश संशोधकाने ॲल्युमिनियमच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे जर्मन पेटंट १८९६ च्या सुमारास घेतले, तेव्हा त्यानेही बोरॅक्सचेच द्रावण वापरले होते.

पाण्याबाबत मात्र तडजोड करू नये. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि क्लोराईड हा या ऑक्साईडचा सर्वात मोठा शत्रू आहे. ते थराला भोके पाडून खालचा धातू कुरतडते आणि गळती प्रवाह कमी व्हायचे नावच घेत नाही. नळाच्या पाण्यातही ते असते. घरच्या आरओ यंत्राचे पाणी पिण्यासाठी ठीक असले तरी या कामाला पुरेसे नाही. विभागात डीआयोनाइज्ड पाणी नसल्यास ऊर्ध्वपातित पाणी आणावे आणि पत्रा धुण्यासाठीही तेच वापरावे. स्वच्छ केलेल्या पत्र्याला उघडा हात लावू नये, घामात मीठ असते.

कृती अशी. पत्रा कापतानाच त्याला वर निघणारी एक अरुंद पट्टी अखंड ठेवावी आणि चिमटा तिलाच लावावा. चिमट्याचे तांबे किंवा लोखंड द्रावणात बुडाले तर त्यावर रोधक थर बनत नाही आणि सगळा प्रवाह तिथूनच निघून जातो. पट्टी जिथे द्रावणाच्या पातळीला छेदते तिथे नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत. पत्रा साबणाने धुऊन ५ टक्के कोमट कॉस्टिक सोड्यात थोडा वेळ बुडवावा. वर काळपट पापुद्रा आला तर तो विरल नायट्रिक आम्लाने निघतो. ऋणाग्र म्हणून स्टेनलेस स्टीलचा पत्रा चालेल. आपले दोन्ही पुरवठे एकापुढे एक जोडून प्रवाहाची मर्यादा २०० मिलिअँपिअर ठेवावी, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिअँपिअर होईल. व्होल्टता सेकंदाला सुमारे ०.४ ने चढताना दिसेल आणि दीड-दोन मिनिटांत ४० ला पोहोचेल. त्यानंतर व्होल्टता तशीच धरून ठेवावी आणि दर मिनिटाला प्रवाहाची नोंद घ्यावी. व्होल्टता मध्येच अडून राहिली तर क्लोराईड, उघडा चिमटा किंवा न झाकलेली जलरेषा यांपैकी एक कारण निश्चित असते.

धारिता १०० किंवा १२० हर्ट्झवर मोजावी. द्रावणाचा स्वतःचा रोध काही ओहम असतो, आणि १ किलोहर्ट्झवर २८ मायक्रोफॅरडची प्रतिबाधा साडेपाच ओहमच उरते. तिथे मीटर नेमके काय मोजत आहे हे सांगणे कठीण होते. आणि ४० व्होल्टच्या पुढे विद्यार्थ्यांना जाऊ देऊ नये, कारण ओले हात आणि डीसी एकत्र आले की धोका वाढतो. ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो, म्हणून खिडक्या उघड्या असाव्यात.

लातूर_तंत्रशिक्षक

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आवळलेल्या पत्र्यांमधील हवेचा हिशेब वर्गात तसाच मांडणार आहे. दोन शंका उरतात. बाजारातल्या कपॅसिटरचे क्षेत्रफळ एवढे कसे वाढवतात, आणि आम्हाला ते करून पाहता येईल का? तसेच द्रवाऐवजी ऑक्साईडवर थेट ग्रॅफाइटचा लेप किंवा चांदीचा रंग लावला तर हवेची फटही राहणार नाही आणि द्रवाची कटकटही टळेल, असे एका विद्यार्थ्याचे म्हणणे आहे. ते मला तरी बिनतोड वाटले.

वाइंडिंगवाला_माजलगाव

ग्रॅफाइटचे उत्तर नांदेडचे सर देतील. मी मोटारीच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण आमच्या दुकानात जळालेले कंडेन्सर रोज येतात.

बोअरच्या सिंगल फेज मोटारीच्या पॅनेलमध्ये दोन वेगळे कंडेन्सर असतात आणि शेतकरी दोन्हींना एकच नाव देतात. मोटार चालू असेपर्यंत लाईनमध्ये राहतो तो रन कंडेन्सर. तो पॉलिप्रॉपिलीनच्या फिल्मचा असतो, बहुधा ४४० व्होल्ट एसीचा, आणि त्याचा ॲल्युमिनियम ऑक्साईडशी काही संबंध नाही. दुसरा स्टार्ट कंडेन्सर. तो मात्र आपल्या विषयातला आहे. एसीला धन-ऋण अशी बाजू नसल्यामुळे त्यात दोन्ही फॉईलींवर ऑक्साईड चढवलेले असते, म्हणजे दोन कपॅसिटर पाठीला पाठ लावून बसवल्यासारखे, आणि म्हणून धारिता निम्मी होते. तो काही क्षणांसाठीच लाईनमध्ये असायला हवा. व्होल्टता कमी असल्यामुळे मोटार वेग घेत नाही, किंवा त्याला लाईनमधून वेगळे करणाऱ्या रिलेचे पॉइंट चिकटतात, आणि मग तो लाईनमध्ये अडकून तापतो व फुगतो. वारंवार जाणाऱ्या कंडेन्सरचे कारण बहुतेक वेळा कंडेन्सरमध्ये नसून रिलेत किंवा कमी व्होल्टतेत असते, असे त्या वडिलांना अवश्य सांगावे.

घरी करण्याबाबत हिशेबच पाहावा. २३० व्होल्ट एसीचे शिखर ३२५ व्होल्टला जाते, म्हणून थर निदान ४०० व्होल्टला घडवावा लागेल. सरांच्या ५.७ च्या आकड्याने १०० मायक्रोफॅरडच्या स्टार्ट कंडेन्सरसाठी प्रत्येकी २०० मायक्रोफॅरडच्या दोन फॉईली लागतील, आणि सपाट फॉईल असेल तर प्रत्येकीचे क्षेत्रफळ सुमारे १४,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दीड चौरस मीटर. शिवाय ४०० व्होल्ट डीसीवर ओल्या भांड्यासमोर बसणे हे जिवाशी खेळणे आहे. दुकानातून नवा आणणे हाच शहाणपणा.

विद्युतरसायन_नांदेड

माजलगावच्या मित्रांनी उत्तम हिशेब दिला. त्यांच्या दीड चौरस मीटरवरूनच सरांच्या पहिल्या शंकेकडे येतो. कारखान्यात ऑक्साईड चढवण्याआधी फॉईल क्लोराईडच्या द्रावणात विद्युतप्रवाहाने कोरतात. वर ज्याला शत्रू म्हटले तेच क्लोराईड येथे मुद्दाम कामाला लावलेले असते, फक्त थर घडवण्यापूर्वी. कमी व्होल्टच्या फॉईलला स्पंजासारखी बारीक खरवड देतात आणि तिचे क्षेत्रफळ शंभरपट किंवा त्याहूनही अधिक वाढवता येते. जास्त व्होल्टच्या फॉईलला मात्र सरळ, रुंद बोगदे लागतात, कारण जाड ऑक्साईडने बारीक छिद्रे बुजून जातात; तिथे वाढ वीस ते चाळीस पटींच्या घरात राहते. विद्यार्थ्यांनी मिठाच्या पाण्यात हे करू नये असे मला वाटते. कोरणे सहज जमते, पण बारीक खाचांत अडकलेले क्लोराईड धुऊन काढणे जमत नाही आणि पुढची घडण बिघडते. त्याऐवजी कमी व्होल्टचा एक नवा, अजिबात न वापरलेला कपॅसिटर हातमोजे घालून उलगडावा, त्यातल्या धनाग्र फॉईलचे क्षेत्रफळ पट्टीने मोजावे आणि कपॅसिटरवर छापलेली धारिता सपाट फॉईलच्या हिशेबाशी ताडून पाहावी. फॉईल किती पट कोरली आहे हे भागाकारानेच कळेल. घडणीची व्होल्टता छापील व्होल्टतेच्या सुमारे दीडपट धरावी, कारण कारखाने तेवढी राखीव ठेवतात.

आता ग्रॅफाइट आणि चांदी. विद्यार्थ्याचा तर्क चांगला आहे आणि हवेच्या फटीपुरता तो खराही आहे, तरीही चांदीचा लेप लावलेला पत्रा बहुधा शॉर्ट निघेल. कोणताही ऑक्साईड थर पूर्ण निर्दोष नसतो. पत्र्यातल्या लोखंडाच्या आणि सिलिकॉनच्या कणांवर तो कच्चा राहतो. अशा कच्च्या जागी द्रव असेल तर तिथून प्रवाह जातो, त्याच प्रवाहाने पाण्यातला ऑक्सिजन धातूपर्यंत पोहोचतो आणि ती जागा नव्या ऑक्साईडने भरून निघते. कपॅसिटर वापरात असतानाही ही दुरुस्ती चालू असते. बराच काळ पडून राहिलेला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टवर न जोडता रोधातून हळूहळू चढवावा असे तंत्रज्ञ सांगतात, तेही याच कारणाने. चांदीच्या किंवा कार्बनच्या लेपाला हा गुण नाही. कच्च्या जागी तो सरळ धातूला जाऊन मिळतो आणि १०० चौरस सेंटिमीटरमध्ये अशी एक जागा पुरेशी असते.

घन ऋणाग्राचे कपॅसिटर बाजारात आहेतच, पण त्यांत ऑक्साईडला थेट लागून मँगनीज डायऑक्साईड किंवा वीजवाहक पॉलिमर असते आणि ग्रॅफाइट व चांदी त्याच्या वरच्या थरांत येतात. दोषाच्या जागी प्रवाह वाढून उष्णता झाली की मँगनीज डायऑक्साईडचे कमी ऑक्सिजनच्या, वीज कमी वाहणाऱ्या ऑक्साईडमध्ये रूपांतर होते आणि तेवढा ठिपका अलग पडतो. मँगनीज नायट्रेट तापवून हा थर बसवताना विषारी नायट्रोजन ऑक्साईड वायू सुटतात, म्हणून शैक्षणिक प्रयोगशाळेत तो मार्ग नको. विद्यार्थ्याला आपला मुद्दा पडताळायचाच असेल तर ४० व्होल्टवर घडवून, धुऊन वाळवलेल्या पत्र्यावर ग्रॅफाइटचे अगदी लहान, अर्ध्या सेंटिमीटरचे ठिपके विखरून लावावेत आणि प्रत्येक ठिपक्याची धारिता व रोध स्वतंत्र मोजावा. काही ठिपके चांगले निघतील, काही शॉर्ट; ठिपक्याचा आकार वाढवत नेला की शॉर्ट निघणाऱ्यांचे प्रमाण कसे बदलते, त्यावरून थरातील दोषांच्या घनतेचा अंदाज बांधता येईल.

द्रवाचा कपॅसिटर मोजताना पत्रा सदैव धन टोकाला राहील आणि ४० व्होल्टच्या घडणीला २५ व्होल्टपेक्षा जास्त दिले जाणार नाहीत, याकडे लक्ष द्यावे. उलट जोडणीत हा थर प्रवाह अडवत नाही. एक-दीड व्होल्टच्या पुढेच प्रवाह झपाट्याने वाढू लागतो, तेव्हा ही तपासणी करायची झाल्यास मालिकेत १ किलोओहमचा रोध अवश्य ठेवावा.